हातोदच्या पुढचे घर : दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

इंदूरहून देपालपूरकडे निघाल्यावर हातोद मागे पडले, की रस्त्याच्या डावीकडे आमचे शेत लागते. तेथील घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधले आणि काकेसासरे गेल्यापासून ते बंदच आहे. यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी तेथेच राहायचे ठरवले असल्यामुळे आज अभियंता, गवंडी आणि सुतार अशा तिघांना एकत्र बोलावून घराची पाहणी केली.

जोते काळ्या घडीव दगडाचे, सुमारे अडीच फूट उंच. त्यावर मातीत बांधलेल्या विटांच्या दीड फूट रुंदीच्या भिंती, पुढे सागवानी खांबांची ओसरी, आत माजघर, दोन खोल्या, मागे पडवी आणि सगळ्यावर कवेलूंचे, म्हणजे देशी कौलांचे छप्पर. मूळचे घर एवढेच. पुढे कधीतरी भिंतींना खालून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला, पडवीच्या एका टोकाला अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याखाली स्वयंपाकघर आले आणि मागील अंगणात ट्रॅक्टरसाठी कोबा घातला गेला. गंमत अशी, की घरातील बहुतेक दुखणी या नंतरच्या सुधारणांच्या आसपासच आहेत.

याआधी एका ठेकेदाराने सगळे पाडून नवे बांधावे असा सल्ला दिला होता आणि त्याचा हिशेब वरवर पाहता बिनतोड होता. परंतु जोते आणि तीन बाजूंच्या भिंती ठणठणीत असताना एका भेगाळलेल्या कोपऱ्यासाठी सगळे घर पाडणे मला पटले नाही. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरला बोलावले आणि त्यांनी १९१८ साली दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट जमीनदोस्त न करता जेथे खरोखर बाधा आहे तेवढेच काढावे आणि बाकीचे नीट करून वापरावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी शहरासाठी मांडलेला विचार एका शेतघराला लावण्यास हरकत नसावी.

२१ जानेवारी २०२४

ईशान्य कोपऱ्यातील भेगेपासून कामाला आरंभ केला. खिडकीच्या वरच्या कोनातून निघून ती तिरपी छपरापर्यंत गेली आहे. खाली केसाएवढी असून वर करंगळी शिरेल इतकी रुंद आहे, म्हणजे कोपरा बाहेरच्या अंगाला कलतो आहे. आमच्या मिस्त्रींनी जोत्यापाशी थोडे उकरून मातीचे ढेकूळ हातात घेतले, ते चिरडून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "भाभीजी, ये मिट्टी चलती है."

माळव्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचा हा गुण आहे. घराखालची माती सगळीकडे सारखीच फुगली-आक्रसली तर फारसे बिघडत नाही, पण एका कोपऱ्यात पाणी साचत असेल किंवा झाडाची मुळे ओल ओढून घेत असतील, तर तो कोपरा इतरांपेक्षा अधिक वरखाली होतो आणि भिंत तेथे फाटते. म्हणून भेग बुजवण्याआधी ती अजून हलते आहे की जुनीच आहे, हे कळणे आवश्यक होते.

त्यासाठीचा उपाय स्वस्त आहे. काचेच्या दुकानात मिळणाऱ्या वाया गेलेल्या पातळ पट्ट्या घेतल्या, भेगेच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडून वीट उघडी केली आणि पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके एपॉक्सीने चिकटवली. प्रत्येक पट्टीवर तारीख लिहिली आणि शेजारी भिंतीवर भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने खुणा करून त्यांतील अंतर मोजून ठेवले. भिंत हलली तर काच ताणली न जाता सरळ तडकते आणि मग किती हलली ते खुणांवरून कळते. तोवर भेगेला कोणी हात लावायचा नाही, असे सर्वांना सांगितले आहे.

कोपऱ्यापासून दहा फुटांवर मोठा कडुनिंब आहे. तो तोडावा, असे दोन जणांनी सुचवले. अभियंत्यांचे मत उलट पडले: वर्षानुवर्षे झाड जी ओल ओढत होते ती झाड गेल्यावर मातीतच राहील, माती फुगेल आणि कोपरा उलट्या दिशेने उचलला जाईल. झाड राहील, फक्त छपरावर आलेल्या फांद्या उतरवू.

४ फेब्रुवारी २०२४

आज लाकूड तपासले. सुताराने प्रत्येक तुळई आणि वासा हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिला आणि जेथे आवाज बद्द आला तेथे पटाशीचे टोक खुपसले. मधले लाकूड दगडासारखे आहे. जेथे तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे मात्र पटाशी इंचभर सहज आत गेली. मागील भिंतीवरच्या तीन तुळयांची टोके अशी कुजलेली निघाली आणि तिन्ही टोके बाहेरून सिमेंट केलेल्या भागाच्या वरच आहेत. भिंतीत चढलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडू शकली नाही, म्हणून वर चढत गेली आणि लाकडाला भिडली, असा आमचा निष्कर्ष आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

धाकट्या काकेसासूबाई इंदूरला लोकमान्यनगरात मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे असले तरी स्मरणशक्ती लखलखीत आहे. त्यांना गाडीने शेतावर आणले, खुर्ची अंगणात मांडली आणि मागच्या बाजूला पाणी कोठे जात असे, असे विचारले.

"अगं सूनबाई, मागच्या अंगणात पाणी कधी थांबत नसे. मोरीपासून निंबापर्यंत दगडी नाली होती, मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या काठाला आम्ही भांडी घासत असू. ट्रॅक्टर आला तेव्हा भावजींनी वरून कोबा केला, मग ती कुठे गेली कोण जाणे."

त्यांनी काठीने दाखवलेल्या जागी दुपारीच कोबा फोडला. दीड फूट खाली घडीव दगडांची नऊ इंच रुंद नाली जशीच्या तशी सापडली, फक्त गाळाने ठासून भरलेली. ती घराच्या पाठीमागून जाऊन ईशान्य कोपऱ्याला वळसा घालून शेताच्या बांधाकडे उतरते. नाली बुजल्यापासून मागच्या निम्म्या छपराचे पाणी कोब्यावरून घरंगळत नेमके त्याच कोपऱ्यात मुरत होते. भेग, भिंतीतील ओल आणि तुळयांची टोके ही तीन वेगळी कामे म्हणून यादीत लिहिली होती. आता त्यांवर एकच कंस काढला आहे आणि कामाचा क्रम बदलून पाण्याचा निचरा सर्वांत वर घेतला आहे.

१० मार्च २०२४

गव्हाची कापणी सुरू झाल्यामुळे मजूर मिळणे दुरापास्त आहे, तरी नालीचे काम पुरे झाले. दगड उचलून, गाळ काढून, खाली मुरूम ठोकून ते पुन्हा उताराने बसवले. नाली उघडीच ठेवली आहे, कारण झाकलेली नाली कोणी साफ करत नाही.

घराभोवती सहा फूट रुंदीचा पट्टा खोदून वरची काळी माती काढली, मुरूम पाणी मारून थराथराने ठोकला, त्यावर जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणि तिच्यावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरश्या बसवल्या. हेतू दुहेरी आहे. पावसाचे पाणी पायापाशी मुरू नये आणि उन्हाळ्यात पायाजवळची माती एकदम कोरडी पडू नये. काळ्या मातीत घर ओले ठेवावे की कोरडे, हा प्रश्नच चुकीचा असून ओलावा बारा महिने शक्य तितका एकसारखा राहावा, एवढीच अपेक्षा ठेवायची असते.

३१ मार्च २०२४

काल रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते त्या दिवशी इंदूरच्या पंचक्रोशीत कोणी कामाला येईल ही आशा धरणेच व्यर्थ आहे. आज आले तेही निळे-जांभळे होऊन आले.

सिमेंटचा गिलावा उतरवण्याचे काम मागील आठवड्यापासून चालू आहे. ब्रेकर वापरू दिला नाही. सिमेंट विटेपेक्षा कठीण असल्यामुळे जोराने ओढल्यास विटेचा दर्शनी पापुद्रा घेऊनच निघते, म्हणून कडेपासून छिन्नीने हलके टोचत ते सोडवावे लागते. आतली वीट हाताला गार आणि दमट लागते आणि उघडी पडल्यापासून तिच्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुलू लागला आहे. एका मजुराने तो पाण्याने धुवायला घेतला, तेव्हा त्याला थांबवावे लागले, कारण धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. कोरड्या कुंच्याने झाडायचे, खाली पडलेले गोळा करून दूर टाकायचे, पुन्हा फुलला की पुन्हा झाडायचे. निदान पावसाळ्यापर्यंत या भिंती अशाच उघड्या राहतील. येणारे-जाणारे हळहळतात, पण ओल बाहेर पडायला दुसरा मार्ग नाही.

याच काळात चुना विरवून ठेवला. कळीचा चुना पाण्यात पडताच खदखदून उकळतो, वाफेचे लोट उठतात आणि शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते. म्हणून चष्मे आणि रबरी हातमोजे सक्तीचे केले आणि एक नियम काटेकोर पाळला: पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडाथोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचे नाही. गाळून घेतलेला लोण्यासारखा चुना हौदात पाण्याखाली ठेवला आहे. तो जितका मुरेल तितका चांगला आणि आम्हाला तो पावसाळ्यानंतरच लागणार असल्यामुळे घाई नाही.

२१ एप्रिल २०२४

छप्पर उतरवले. सर्वप्रथम स्वयंपाकघरावरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढले, कारण त्याची धूळ इतर कामांत मिसळू द्यायची नव्हती. पत्रे पाण्याने भिजवले, बोल्ट कापले आणि एकही पत्रा न फोडता, न कापता अख्खे उतरवून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यावर दुखणे अनेक वर्षांनी उमटते, त्यामुळे माणसे ते गंभीरपणे घेत नाहीत. साधा रुमाल बांधून वर चढू पाहणाऱ्याला मी खाली उतरवले आणि योग्य मुखपट्टी दिल्यावरच चढू दिले.

जुने देशी कवेलू हाताने थापलेले आहेत. माकडे त्यांवरून धावतात, म्हणून दर वर्षी मृगाआधी शाकारणी करावी लागे आणि आता ती करणारे लोक उरलेले नाहीत. त्यामुळे राहत्या भागावर मंगळुरी कौले, ज्यांना येथे अंग्रेजी कवेलू म्हणतात, ती घेतली. ती मोरबीहून येतात. निवडून निघालेले चांगले देशी कवेलू ओसरीवर वापरू, तेथे गळले तरी फारसे नुकसान नाही.

तुळयांची कुजलेली टोके तेवढीच कापली. निरोगी लाकडापर्यंत तिरपा छेद घेऊन जुन्या सागवानाचा नवा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडला आणि आरपार बोल्ट घातले. जुने सागवान इंदूरच्या एका पाडलेल्या वाड्याच्या मालातून मिळाले. भिंतीत बसणाऱ्या टोकाभोवती बोटभर पोकळी ठेवली आहे, म्हणजे लाकडाला हवा लागेल. सगळ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचे दोन हात दिले.

छपरात उंदरांची वसाहत निघाली. गेडिस यांनी इंदुरात दिवाळीची जी मिरवणूक काढली होती तिच्यात प्लेगचा भलामोठा उंदीर फिरवला होता आणि मिरवणुकीचा मार्ग ज्या भागांत लोकांनी घरे झाडूनपुसून नीट केली तेथूनच नेला होता, हे सुताराला सांगितले. त्याला मिरवणुकीपेक्षा वाशांच्या टोकांना बारीक जाळी ठोकण्यात अधिक रस होता आणि ते योग्यच होते.

१९ मे २०२४

ईशान्य कोपऱ्यातील वरची काच तडकलेली आढळली. पेन्सिलीच्या खुणांमधील अंतर तीन मिलिमीटरने वाढले आहे. अर्थात निचरा दुरुस्त होण्यापूर्वी तेथील मातीत जास्तीची ओल होती आणि ती या उन्हाळ्यात प्रथमच आटली, त्यामुळे हे अपेक्षितच होते. जुनी पट्टी तशीच ठेवून शेजारी नवी चिकटवली.

कौले चढली. खाली लाकडी पट्ट्यांचे छत आहे आणि दोहोंमध्ये हवा खेळती राहील अशी जागा सोडली आहे. भर दुपारी माजघर आणि अंगण यांतील फरक पंख्याशिवाय जाणवतो.

वाळवीसाठी जोत्याच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोके घेऊन औषध भरले, परंतु विहिरीकडील बाजूला रसायन घालू दिले नाही. तेथे केवळ जोत्याचे सांधे चुन्याने भरून वाळवीची मातीची नळी चढली तर दिसेल अशी मोकळी पट्टी ठेवली.

वीज जोडणारा भिंती खोदून पाइप दडवायला निघाला होता. मातीत बांधलेल्या भिंतीला इतके लांब घाव घालणे योग्य नसल्याने नळ्या भिंतीवरूनच सरळ रेषेत नेल्या. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे लागेल, कारण काळी माती आक्रसली की इलेक्ट्रोडपासून सुटते.

७ जुलै २०२४

चांगला पाऊस झाला. छत्री घेऊन घराला फेरी मारली. नाली भरून वाहते आहे आणि कोपऱ्यात थेंब साचलेला नाही. एका पन्हळीचा उतार उलटा आहे, तेवढा दुरुस्त करायचा. सोयाबीनची पेरणी आटोपेपर्यंत गवंडी येणार नाहीत.

१८ ऑगस्ट २०२४

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. क्षार मर्यादेत असले तरी नायट्रेट लिटरला ६२ मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ४५ ही मर्यादा आहे. पाणी उकळून प्यावे, असे शेजाऱ्यांनी आपुलकीने सांगितले, पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरचाही त्यावर परिणाम होत नाही. तान्ह्या बाळांना ते सर्वाधिक घातक असते आणि सुटीत नातवंड येणार असल्यामुळे हा विषय टाळण्यासारखा नाही. कारण शोधायला लांब जावे लागले नाही, विहिरीच्या वरच्या अंगाला गोठ्याचा उकिरडा आहे. तो शेताच्या खालच्या टोकाला हलवला, युरियाचे प्रमाण कमी करण्याविषयी वाटेकऱ्याशी बोलणे झाले आणि पिण्यापुरते आरओ यंत्र बसवायचे ठरले.

छपराचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मीटर आहे. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी एक लाख लिटर पाणी होते. पहिला पाऊस बाहेर सोडून पुढचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत नेण्याची पन्हळ पुढील वर्षी करू.

सांडपाण्याचा निर्णयही आज झाला. या मातीत शोषखड्डा चालत नाही, पावसाळ्यात तो तुडुंब भरून वर येतो. म्हणून सेप्टिक टाकीतून निघणारे पाणी खडीच्या वाफ्यात सोडून तेथे कर्दळ लावायची, तीही विहिरीच्या खालच्या बाजूला आणि तिच्यापासून वीस मीटरहून दूर.

नवे न्हाणीघर मागे बांधायचे आहे. त्याच्यासाठी अभियंत्यांनी साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगवटा असलेले खांब सुचवले आहेत. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेली ही पद्धत असून इतक्या खाली ऋतूप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही. मात्र जुने घर मातीबरोबर हलणार आणि नवे हलणार नाही, त्यामुळे दोन्हींच्या भिंती एकमेकींत न गुंतवता मध्ये इंचभर फट ठेवून ती लवचीक साहित्याने भरायची. हे मिस्त्रींना पटवायला बराच वेळ गेला, कारण भिंतीत भिंत गुंफणे हाच त्यांच्या लेखी पक्केपणा.

२० ऑक्टोबर २०२४

सोयाबीन घरात आले आणि माणसे परतली. भिंतींवर आता लोणा फुलत नाही. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडून चुन्याने भरले आणि गिलाव्याला आरंभ केला. मुरलेला चुना एक भाग, नर्मदेची वाळू दोन आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, एक भाग. मिस्त्रींनी मेथीचे पाणी आणि गूळ यांचा आग्रह धरला, तो मानला, कारण त्यांचा हात त्या मिश्रणाला सरावलेला आहे. पातळ थर द्यायचा, तो वाळू लागला की दाबून घोटायचा आणि वर ओली पोती लावायची. चुना सिमेंटसारखा रात्रीतून घट्ट होत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश दगड होतो आणि त्या वेळात त्याला ऊन लागता कामा नये. दिवाळीच्या आधी रंग हवा, असे घरातून सुचवले गेले. रंग नाहीच, चुन्याची सफेदी होईल आणि तीही डिसेंबरात.

१५ डिसेंबर २०२४

माजघर, एक खोली आणि स्वयंपाकघर राहण्याजोगे झाले आहे. आम्ही सामान आणले.

ईशान्य कोपऱ्यातील भेग पुन्हा मोजली. खुणांमधील अंतर पावसाळ्यात दोन मिलिमीटरने घटले आणि तेव्हापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढले. कोपरा शांत होत आहे असे मानायला जागा आहे, परंतु एका ऋतूवरून अभियंते निर्वाळा द्यायला तयार नाहीत आणि मीही नाही. येत्या मे अखेरीस पुन्हा मोजायचे. बदल एक मिलिमीटरच्या आत राहिला, तर भेगेच्या दोन्ही बाजूंच्या विटा एकाआड एक काढून तेथे नव्या अखंड विटा चुन्यात बसवायच्या आणि वरून गिलावा करायचा. तो अधिक निघाला, तर कोपऱ्याच्या पायाला खालून आधार देण्याचा खर्च धरावा लागेल, म्हणून तेवढी रक्कम बाजूला ठेवली आहे आणि न्हाणीघराच्या फरशीची निवड त्यानंतरच करायची आहे.